रक्त दिसले म्हणजे मूळव्याधच का?

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक लेख द्यावा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा मला फारसा विचार करावा लागला नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार या विषयांवर आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी वेळोवेळी लिहिले आहे, व्याख्यानेही दिली आहेत. मी ज्या विषयावर लिहिणार आहे त्यावर व्याख्यान ठेवले तर सभागृहात किती मंडळी येतील, याची मला शंकाच आहे. शौचावाटे रक्त जाणे ही गोष्ट आपल्याकडे चारचौघांत बोलण्याची मानली जात नाही. घरातला कर्ता पुरुष ती पत्नीपासून लपवतो, सासू सुनेपासून लपवते. आणि दवाखान्यात आले तरी सर्दी-पडशाचे औषध घेऊन झाल्यावर, दाराशी पोहोचता पोहोचता, 'आणखी एक विचारायचे होते' अशा प्रस्तावनेने ती बाहेर पडते. हा लेख पुष्कळसा समाजबांधवांसाठी आहे. पण काही भाग माझ्या व्यवसायबंधूंसाठीही आहे, आणि त्याची सुरुवात मला माझ्याच एका चुकीपासून करावयाची आहे.

उधना-लिंबायत परिसरात मी १९८८ पासून जनरल प्रॅक्टिस करतो. या भागाची वस्ती आपणांस ठाऊकच आहे. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली कष्टकरी माणसे; कोणी लूम्सवर, कोणी प्रोसेस हाऊसमध्ये, कोणी रिंग रोडच्या कापड बाजारात. १९९६ च्या पावसाळ्यात अशाच एका कारखान्यातील मास्तर माझ्याकडे आले. मूळ गाव पारोळा तालुक्यातील, वय अडतीस, घरी पत्नी आणि दोन मुले. रात्रपाळी संपवून सकाळी थेट दवाखान्यात आले होते. इतर रुग्ण बाहेर जाईपर्यंत थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, संडासमा रगत पडस."

मी विचारले, दुखते का? नाही. रक्त कसे असते? लालभडक. तिखट फार खाता का? खानदेशी माणसाला हा प्रश्न विचारण्यात काही अर्थ नसतो, पण मी विचारला आणि ते हसले. बारा बारा तास उभ्याने काम, वेळी-अवेळी जेवण, मिरचीचा ठेचा, शेवभाजी, अधूनमधून बद्धकोष्ठ. मूळव्याधीचे चित्र माझ्या डोळ्यांपुढे पूर्ण झाले. मी मलम दिले, इसबगोल दिला, गोळ्या दिल्या, पाणी भरपूर प्या म्हणून सांगितले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

मी त्यांना तपासले नाही. बाहेर बाकावर पंधरा माणसे बसली होती, तपासणीच्या टेबलाला पडदा नव्हता, त्यांना संकोच वाटत होता आणि मलाही वाटत होता. एवढीच त्याची कारणे. दुसरे कोणतेही वैद्यकीय कारण मला आजपर्यंत सापडलेले नाही.

पंधरा दिवसांनी त्यांनी रक्त थांबल्याचे सांगितले. त्यामुळे माझे निदान बरोबर ठरल्याचे समाधान त्यांनाही झाले, मलाही झाले. गाठीतून होणारा रक्तस्राव आपोआप थांबतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा थांबतो. आणि प्रत्येक वेळी ज्याचे औषध चालू असेल त्याला यश मिळते. पुढे रक्त पुन्हा सुरू झाले तेव्हा ते माझ्याकडे आले नाहीत. भिंतीवरची जाहिरात वाचून त्यांनी एका ठिकाणी 'बिना ऑपरेशन' इंजेक्शन घेतले, नंतर गावी जाऊन काही झाडपाला घेतला. १९९७ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नी त्यांना घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना क्षणभर ओळखले नाही. वजन बरेच उतरले होते, डोळ्यांत रक्ताचा अंश नव्हता. दिवसातून आठ-दहा वेळा शौचास जावे लागत होते. प्रत्येक वेळी थोडा आव, थोडे रक्त, आणि पोट साफ झाल्याची भावना कधीच नाही. या वेळी मी त्यांना कुशीवर वळवले. बोट जेमतेम दोन इंच आत गेले आणि कठीण, खडबडीत, लगेच रक्ताळणारी गाठ लागली. तपासणीस एक मिनिट लागले. नऊ महिन्यांपूर्वी ती गाठ लहान असली तरी बोटाला लागली असती, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये त्यांची शस्त्रक्रिया झाली. गुदद्वार काढून टाकावे लागले आणि पोटावर शौचाची कायमची वाट करावी लागली. ते पुन्हा उभे राहिले, वर्षभर कामावरही गेले. पण पुढे यकृतात रोग पसरला. त्यांच्या कुटुंबाविषयी शेवटी पुन्हा लिहावयाचे आहे.

सुरतेच्या माणसांना मी भित्री म्हणणार नाही. मात्र १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगची बातमी पसरली तेव्हा साध्या तापाने आणि खोकल्याने लोक हादरले होते. रेल्वे स्थानकावर पाय ठेवायला जागा नव्हती आणि लाखो माणसे शहर सोडून गेली होती. त्याच शहरात शौचकूपात दररोज स्वतःचे रक्त पाहणारा माणूस वर्षभर शांत राहतो, हे मला नेहमीच कोड्यात टाकते. भीतीचा अभाव हे याचे कारण नसावे. 'मूळव्याध' हा शब्द हाताशी असतो, हेच कारण असावे. या शब्दाने सगळ्यांचीच सोय होते. रुग्णाला तपासणी टाळता येते, डॉक्टरांना वेळ वाचवता येतो आणि जाहिरातवाल्यांचा धंदा चालतो.

बघितल्याशिवाय निदान नाही

मूळव्याध हा आपल्या वैद्यकशास्त्राने फार प्राचीन काळापासून ओळखलेला रोग आहे. सुश्रुतसंहितेत अर्शाचे स्वतंत्र निदान आणि स्वतंत्र चिकित्सा आहे. भेषज, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे उपचाराचे चार मार्ग सांगितले आहेत. पण मला सर्वाधिक कौतुक वाटते ते अर्शोयंत्राचे. गाईच्या सडाच्या आकाराची, चार अंगुळे लांबीची ही पोकळ नळी गुदमार्गात घालून आतील कोंब प्रत्यक्ष पाहावेत आणि मगच उपचार करावा, असा त्यामागील विचार. आज आपण वापरतो तो प्रोक्टोस्कोप याहून फारसा निराळा नाही. सुश्रुताचे नाव घेऊन, न बघता, पत्र्याच्या खोलीत इंजेक्शन देणाऱ्यांनी निदान सुश्रुताचे तरी ऐकावयास हवे होते. आयुर्वेदाच्या शिक्षित सर्जनांविषयी मी हे लिहीत नाही. भगंदरासाठी क्षारसूत्र उपयुक्त असल्याचे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या, १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांतील चाचणीत दिसून आले आहे. माझी तक्रार आहे ती पात्रता नसताना दाहक द्रव्य टोचणाऱ्यांविषयी. अशा उपचारानंतर गुदमार्ग आकसून करंगळीही जाऊ नये इतका अरुंद झालेले रुग्ण मी पाहिले आहेत.

आता रक्ताविषयी. रक्ताचा रंग आणि त्याची पद्धत यांवरून बराच अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच असतो. शौच झाल्यावर न दुखता थेंब थेंब किंवा पिचकारीसारखे ताजे रक्त पडणे हे आतील मूळव्याधीचे नेहमीचे रूप. शौचाच्या वेळी सुरीने कापल्यासारखी वेदना, ती पुढे तासभर टिकणे आणि मळाला रक्ताची एखादी रेघ, हे फिशरचे, म्हणजे गुदद्वाराला पडलेल्या चिरेचे लक्षण. आपले लोक फिशरलाही मूळव्याधच म्हणतात. रक्त मळात मिसळलेले, काळपट लाल, सोबत आव किंवा शेंबडासारखा पदार्थ असेल तर दोष गुदद्वाराच्या वर, आतड्यात आहे असे समजून चालावे. आणि शौच डांबरासारखे काळे, चिकट, विशिष्ट उग्र वासाचे होत असेल तर रक्तस्राव बहुधा जठरात किंवा लहान आतड्याच्या आरंभी होत असतो. तेथील रक्त पचत पचत खाली येते म्हणून ते काळे दिसते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण ते डांबरासारखे चिकट नसते. बीट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी घाबरून येणारी मंडळीही असतात. त्यांना मी हसत नाही, कारण निदान ते आले तरी.

या अंदाजातील मोठा सापळा असा, की लालभडक, ताजे, न दुखणारे रक्त हे गुदाशयाच्या कर्करोगातही अगदी असेच असते. गाठ गुदद्वाराजवळ असल्याने रक्ताला काळे पडण्यास वेळच मिळत नाही. आरंभी ती दुखतही नाही. 'दुखत नाही म्हणजे गंभीर नाही' हा समज या बाबतीत अगदी उलटा आहे. याशिवाय मूळव्याध ही इतकी सामान्य गोष्ट आहे, की ज्याला कर्करोग आहे त्याला मूळव्याधही असू शकते. प्रोक्टोस्कोपमधून कोंब दिसले म्हणून शोध तेथेच थांबवणे धोक्याचे, हे व्यवसायबंधूंनी ध्यानात ठेवावे. आतील मूळव्याधीचे मऊ कोंब सहसा बोटाला लागत नाहीत, ते बघावे लागतात. कर्करोगाची गाठ मात्र बोटाच्या टप्प्यात असेल तर स्पष्ट लागते. म्हणून बोटाने तपासणी आणि प्रोक्टोस्कोपी या दोन्ही कराव्यात. एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही.

'आमचे वय काय, डॉक्टर?' हा प्रश्न तरुण रुग्ण हमखास विचारतात. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण पुष्कळ कमी आहे, हे खरे. पण ज्यांना तो होतो ते तुलनेने तरुण असतात. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात रुग्णांचे सरासरी वय सुमारे ४७ वर्षे होते. अमेरिकेतही हा रोग तरुणांत वाढू लागल्याने, तक्रार नसलेल्या माणसांची चाचणी पन्नाशीऐवजी पंचेचाळिसाव्या वर्षी सुरू करावी, अशी शिफारस २०२१ मध्ये तेथील तज्ज्ञमंडळाने केली. 'ब्लॅक पँथर' चित्रपटाचा नायक चॅडविक बोसमन याला वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी हे निदान झाले आणि २०२० साली त्रेचाळिसाव्या वर्षी तो गेला; ही गोष्ट आपल्या घरातल्या मुलांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

रक्त दिसत नाही तेव्हा

सगळाच रक्तस्राव डोळ्यांना दिसतो असे नाही. नवागाम-डिंडोली भागातील एका बासष्ट वर्षांच्या मावशींची हकिगत सांगतो. जिना चढताना धाप लागते एवढीच त्यांची तक्रार. हिमोग्लोबिन सहाच्या घरात. त्यांना पूर्वी दोन वेळा, दोन ठिकाणी, लोहाची इंजेक्शने मिळाली होती आणि दोन्ही वेळा बरे वाटले होते. 'उपास-तापास फार करतात हो आई,' असे मुलाचे म्हणणे. तेही खरेच होते. पण पाळी जाऊन पंधरा वर्षे झालेल्या बाईच्या शरीरातून लोह जाते कोठे, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीला, उजव्या बाजूस, गाठ निघाली. त्या भागात मळ पातळ असतो, त्यामुळे वाट अडत नाही, पोट दुखत नाही, बद्धकोष्ठ होत नाही. रक्त थोडे थोडे झिरपते आणि मळात मिसळून दिसेनासे होते. मावशींची शस्त्रक्रिया वेळेवर झाली. त्यानंतरच्या आठव्या दिवाळीला त्यांनी स्वतः केलेले अनारसे मला पाठवले होते.

तेव्हा पुरुषांमध्ये, कोणत्याही वयात, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग आढळला तर तो आजार नसून एखाद्या आजाराची खूण आहे असे समजावे. खेड्याकडे येणे-जाणे असलेल्यांत हुककृमी हे एक कारण असू शकते, मूळव्याधही असू शकते. परंतु जठर आणि मोठे आतडे या दोहोंची तपासणी झाल्याखेरीज लोहाच्या बाटल्या चढवत राहणे योग्य नाही.

शौचाच्या सवयीतील बदल हीदेखील अशीच दुर्लक्षिलेली गोष्ट. येथे 'बदल' हा शब्द महत्त्वाचा. ज्याला तरुणपणापासून बद्धकोष्ठ आहे, त्याच्या बद्धकोष्ठाची मला तेवढी चिंता वाटत नाही. पण ज्याचे पोट चाळीस वर्षे घड्याळाप्रमाणे साफ होत होते, त्याला अचानक जुलाब आणि बद्धकोष्ठ आलटून पालटून होऊ लागले, पहाटे उठल्याबरोबर नुसता आव पडू लागला, किंवा शौचास जाऊन आल्यावरही काही राहिल्यासारखे वाटू लागले आणि हे तीन आठवड्यांहून अधिक टिकले, तर त्याने तपासून घ्यावे. आव पडतो म्हणजे अमिबाच, या समजुतीने मेट्रोनिडॅझोलचे पाच-पाच, सहा-सहा कोर्स झालेले रुग्ण आपण सर्वांनी पाहिले आहेत. दोन कोर्सनंतरही रक्त-आव चालू असेल तर तिसरा लिहू नये. तो अल्सरेटिव्ह कोलायटिस असू शकतो, आतड्याचा क्षय असू शकतो, कर्करोगही असू शकतो. क्षयाचे तर आपल्या भागात विसरून चालणारच नाही. संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन, नाभीच्या उजवीकडे खाली दुखणे आणि पोटात गुडगुड होऊन गोळा उठणे ही त्याची ओळख.

पोटाच्या वरच्या भागातील तक्रारींना आपल्याकडे 'ॲसिडिटी' आणि 'गॅस' हे दोनच शब्द पुरतात. बहुतेक वेळा त्या निरुपद्रवी असतात. लोचो आणि घारी यांच्या या शहरात त्या नसत्या तरच नवल. मात्र पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ, गिळताना घास अडकणे, वारंवार उलटी, थोडे खाताच पोट भरणे, कारण नसताना वजन उतरणे, डोळे पिवळे होणे, किंवा पोटदुखीने रात्री झोपेतून जाग येणे, यांपैकी काहीही असेल तर औषधाच्या दुकानातून गोळी आणून महिने काढू नयेत. २०१८ च्या फेब्रुवारीत पोटाच्या तक्रारीमुळे रुग्णालयात दाखल झालेले गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर पुढे तेरा महिन्यांनी, १७ मार्च २०१९ रोजी, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले. ते इंद्रिय पोटात मागे, खोलवर दडलेले असल्याने त्याच्या तक्रारी मुळातच उशिरा आणि अस्पष्ट उमटतात.

जठराच्या व्रणाविषयी एक गोष्ट मात्र आनंदाने सांगावीशी वाटते. तिखट आणि काळजी यांमुळेच अल्सर होतो असे आम्हाला शिकवले गेले होते. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी त्यामागे हेलिकोबॅक्टर नावाचा जिवाणू असल्याचे दाखवले. मार्शल यांनी तर १९८४ साली स्वतः तो जिवाणू पिऊन पाहिला. २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज दोन आठवड्यांच्या औषधांनी बहुतेकांचा तो जिवाणू जातो. दुसरे मोठे कारण मात्र वाढतच आहे, आणि ते म्हणजे वेदनाशामक गोळ्या. गुडघ्यांसाठी चिठ्ठीवाचून घेतलेली डायक्लोफेनॅक, सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्या, यांमुळे व्रण होऊन काळे शौच झालेल्या आज्या दर महिन्यास दिसतात. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर रक्त दिसताच डॉक्टरांना अवश्य कळवावे. परंतु ती औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. स्टेंट घातलेल्या माणसाला ते जिवावर बेतू शकते.

तपासणी म्हणजे नेमके काय

तपासणीची भीती ही बहुतांशी अज्ञानाची भीती असते. दवाखान्यात डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. हातमोजा आणि वंगण लावून बोटाने तपासतात आणि मग लहानशा नळीतून पाहतात. फिशर असेल तर मात्र बोट घालण्याची घाई करू नये. नुसती चीर दिसली तरी निदान होते, उरलेली तपासणी दुखणे शमल्यावर करता येते. स्त्रियांनी हवे असल्यास स्त्री-डॉक्टर मागाव्यात, सोबत नातेवाईक ठेवावी. यात कोणी वाईट मानू नये. माझ्या दवाखान्यात १९९७ च्या मे महिन्यात टेबलाभोवती पडदा लागला. त्याला त्या वेळी चारशे रुपये खर्च आला होता.

वय चाळिशीच्या पुढे असेल, किंवा वय कमी असूनही उपचारांनी रक्त थांबत नसेल, किंवा रक्तासोबत पंडुरोग, वजन घटणे, सवयीतील बदल, घराण्यातील इतिहास असे काही असेल, तर कोलोनोस्कोपी करावी. आदल्या दिवशी पातळ आहार आणि पोट साफ करणारे औषध प्यावे लागते; खरा त्रास एवढाच. दुसऱ्या दिवशी गुंगीचे इंजेक्शन देऊन सुमारे दीड मीटर लांबीचे मोठे आतडे लवचीक दुर्बिणीतून पाहतात आणि संध्याकाळपर्यंत माणूस घरी येतो. या दुर्बिणीचा विशेष असा, की ती नुसती बघत नाही. कर्करोग होण्यापूर्वी आतड्यात बहुधा पॉलिप, म्हणजे अळंबीसारखी लहान वाढ होते आणि तिचा कर्करोग होण्यास साधारणपणे दहा वर्षे लागतात. न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी १९६९ साली पोट न उघडता दुर्बिणीतून पॉलिप काढण्यास सुरुवात केली. तेव्हापासून हा एक असा कर्करोग झाला आहे की जो होण्याआधीच काढता येतो. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचा मोठा पॉलिप जुलै १९८५ मध्ये कोलोनोस्कोपीत सापडला, त्यात कर्करोग निघाला, आतड्याचा तेवढा भाग काढला गेला. त्यानंतर ते जवळजवळ एकोणीस वर्षे जगले.

'सोनोग्राफी नॉर्मल आली आहे' हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकतो. सोनोग्राफी यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड यांसाठी उत्तम. आतड्याच्या आतील गाठ तिच्यात न दिसणेच अधिक संभवते. त्याचप्रमाणे रक्त डोळ्यांनी दिसत असताना गुप्त रक्ताची तपासणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नये, आणि सीईए या रक्ततपासणीवरून कर्करोग नाही असे ठरवू नये. खर्चाची अडचण असेल तर न्यू सिव्हिल आणि स्मीमेर या दोन्ही ठिकाणी विचारणा करावी. आयुष्मान कार्ड असल्यास रुग्णालयातील उपचारांची मर्यादा गुजरातमध्ये २०२३ पासून १० लाख रुपये झाली आहे.

काही प्रसंगी तपासणीची तारीख घेत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. रक्त वाटीभर किंवा गुठळ्यांसह जात असेल, काळ्या शौचासोबत चक्कर, दरदरून घाम, छातीत धडधड असेल, रक्ताची उलटी झाली असेल, किंवा पोट फुगून उलट्या होत असून वारा सरणेही बंद झाले असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघावे. लहान मुलांत न दुखता पडणारे रक्त बहुधा साध्या पॉलिपचे असते आणि तो सहज काढता येतो. पण दोन वर्षांच्या आतील मूल थांबून थांबून पाय पोटाशी घेत कळवळून रडत असेल आणि लाल जेलीसारखे शौच झाले असेल, तर आतड्यात आतडे शिरलेले असते; तेथे प्रत्येक तास मोलाचा.

राहिला घराण्याचा इतिहास. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणास मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर इतरांनी काही तक्रार नसतानाही चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयापेक्षा दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा, कोलोनोस्कोपी करून घ्यावी. त्या मास्तरांच्या पत्नींना मी हे अनेक वर्षे सांगत होतो. मास्तर २००१ साली गेले. वहिनींनी साड्यांना लेस लावण्याचे काम करून मुलांना शिकवले. थोरला पुढे पांडेसऱ्यात एका मिलच्या हिशेबखात्यात लागला. 'मला काही होत नाही, काका,' असे म्हणून तो तपासणी टाळीत राहिला. शेवटी २०१९ मध्ये, त्याच्या एकतिसाव्या वर्षी, वहिनी स्वतः त्याला दवाखान्यात घेऊन आल्या आणि तो 'हो' म्हणेपर्यंत बाकावरून उठल्या नाहीत. आतड्याच्या डाव्या भागात एक सेंटिमीटरहून थोडा मोठा पॉलिप निघाला. तो त्याच वेळी काढला. अहवालात कर्करोग नव्हता, पण पुढे त्या वाटेने जाणारी वाढ होती. २०२२ मध्ये दुर्बीण पुन्हा झाली, आतडे स्वच्छ होते. पुढची तारीख २०२७ मधली आहे. ती मी माझ्या डायरीत लिहून ठेवली आहे, आणि वहिनींनी त्यांच्या देवघरातल्या दिनदर्शिकेच्या मागे.